विट्याहून आलेला निरोप

“दगडच की हे! त्यात एवढं काय बघायचं?” असं म्हणत अक्कानं बदामीच्या पहिल्या लेण्यासमोर बूड टेकलं आणि पदरानं वारा घ्यायला लागली.

“चंपाबाई, बघायचं नाहीच अजून. नुसतं बसायचं,” म्हेत्रे सर म्हणाले. “आधी दम खाली बसू द्या. मन खाली बसू द्या. मग डोळे वर करा.”

“सर, माझं मन गुडघ्यांत अडकलंय. ते आधीच बसलंय खाली.”

सगळे हसले. मी हसले नाही. अक्काच्या विनोदाला हसायचं मी कधीच सोडलं होतं.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. नाव चंपावती, माहेर रबकवीचं, आणि इचलकरंजीच्या आमच्या घरात तिचा शब्द म्हणजे शेवटचा. तोंडावर मी तिला अहो-जाहो करायची, मनात मात्र अगं-तुगं, आणि त्याच्याही पुढचं बरंच काही. आमच्या समाजाची दरवर्षी एक सहल निघायची. ती काढायचे म्हेत्रे सर, शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेले. त्यांचे दोन नियम होते. कुठलीही जुनी वास्तू आली की आधी तिच्यासमोर गप्प बसायचं, मग आत शिरायचं. आणि घरून काही वाईट बातमी आली तर ती ज्याची त्याला संध्याकाळी, पोटात चार घास गेल्यावर सांगायची. मोबाईल तेव्हा नवे नवे होते, अख्ख्या बसमध्ये एकट्या सरांकडेच होता. मागं एका वर्षी कुणाच्या तरी म्हशीच्या मरणानं सगळी बस विजापुरातून परत फिरली होती म्हणे. तेव्हापासून हा दुसरा नियम.

मी त्या सहलीला का गेले, हे आता सांगायला हरकत नाही. लेणी बघायला नव्हते गेले. अक्कावर डूख धरला होता, कित्येक वर्षं. घरात ती मालकीण. तिथं तिला भोवती पोरं, सुना, मागावरची माणसं. म्हटलं, परमुलखात एकदा एकटी सापडू दे, मग बघते.

ते कारणही सांगते. तिची लेक मंगल, तिला बघायला सोलापूरची मंडळी यायची होती त्या दिवसाची गोष्ट. घरात फोन एकच, तो अक्काच्या खोलीत. मी पहाटेपासून स्वयंपाकघरात. पुरण शिजवलं, वाटलं, पोळ्या लाटल्या, कटाची आमटी केली, पाहुण्यांच्या पंगती उठवल्या. ते हसत हसत गेले, स्थळ जमल्यात जमा होतं. मग भांडी विसळताना अक्का आली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, “कला, विट्याहून निरोप आलाय. तुझ्या आईचं जरा जास्त आहे म्हणे. निघा तुम्ही दोघं.”

“कधी आला?”

“मगाशी.”

हातातलं तसंच टाकून आम्ही निघालो. विट्याला पोचलो तर अंगण सारवलेलं. माझी वाट बघून बघून लोकांनी आईला नेलं होतं, दिवस मावळायच्या आत उरकायला हवं म्हणून. तिचं तोंडसुद्धा मला दिसलं नाही. शेजारच्या दामूअण्णांनी फोन केला होता. ते कपाळाला हात लावून म्हणाले, “अगं पोरी, सकाळीच केला होता की गं फोन! तुझ्या जावेनंच उचलला. दुपारपर्यंत तुझं नाव घेत होती म्हातारी. दार वाजलं की मान वळवायची.”

तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी कळलं असतं तर दुपारच्या आत मी आईच्या उशाशी असते. अक्काला पोळ्या लाटायला हात हवे होते, म्हणून माझी आई मान वळवत वळवत गेली.

आमच्या ह्यांनी त्या रात्री माझ्या पाठीवरून हात फिरवला. हे म्हणजे मुरलीधर, सगळ्या पेठेत देवमाणूस म्हणून नावाजलेले. कुणाला कधी अरे म्हणून बोलले नाहीत. “जाऊ दे कला,” म्हणाले, “अक्का अडाणी आहे. तिच्या लक्षात आलं नसेल. घर मोडायला नको.” त्यांचे डोळेही भरले होते. त्यांच्याकडं बघून मी गप्प बसले. पण गप्प बसणं वेगळं आणि विसरणं वेगळं.

तर बदामी. त्या दिवशी सकाळीच आम्ही जवळच्या बनशंकरीला जाऊन आलो होतो. आमची ती कुलदेवी. बाहेर बायका टोपल्यांत भाकरी, दही, चटण्या घेऊन बसल्या होत्या, अक्का त्यांच्याशी कानडीत हुज्जत घालत होती. मी आत देवीपुढं उभी राहिले आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं मागणं मागितलं. लेकीबाळींसाठी नाही. म्हटलं, आई बनशंकरी, माझ्यावर जो दिवस आला तो हिच्यावर येऊ दे. मला तो डोळ्यांनी बघू दे. बस्स, एवढंच.

काय हे मागणं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. ज्याचं जळतं त्याला कळतं.

पहिल्या लेण्यात अठरा हातांचा नटराज आहे. सरांनी बसवून ठेवलं होतं तेव्हा मला नुसती चीड येत होती. हे काय, पैसे भरून पायऱ्यांवर बसायचं! पण बसल्या बसल्या नजर त्या हातांवर गेली. एकेक हात वेगळा. कुणी एकानं ते सगळे घडवले असतील तर त्यानं एका जागी किती काळ काढला असेल? त्याला कुणी हाक मारली नसेल? जेवायला, घरी, आईकडं? आणि तो उठला नसेल. मला तो माणूस आवडला. मीही तशीच बसले होते, माझं कामही अर्धंच होतं.

अक्काला मात्र दम नव्हता. “चला की पुढं! उन्हं चढायला लागली. ही माकडं बघा, माझ्या पिशवीवर नजर ठेवून आहेत.”

दुसऱ्या लेण्यापाशी सरांचा फोन वाजला. ते बाजूला गेले, कानात बोट घालून मोठ्यानं “हॅलो, हॅलो” करत राहिले. परत आले ते सरळ माझ्याकडं. ह्यांचे गुडघे धरलेले, म्हणून हे खाली झाडाखाली शेंगा खात बसले होते. घरची माणूस म्हणून वर मी एकटीच.

“कलाबाई,” सर हळूच म्हणाले, “तुमच्या थोरल्या दिरांचा फोन होता. रबकवीहून त्यांना निरोप आलाय. चंपाबाईंच्या आईचं काही खरं नाही. लेकीला बघायचंय म्हणून जीव धरून आहे म्हणतात.”

देवळातून निघून किती वेळ झाला होता? माझ्या कपाळावरचं कुंकूसुद्धा अजून ओलं होतं.

“रबकवी इथून लांब नाही,” सर पुढं म्हणाले. “जीप केली तर दुपारच्या जेवणापर्यंत पोचतील. पण आपला नियम तुम्हाला माहीत आहे. शिवाय बाई सकाळपासून उपाशी आहेत, देवीचं दर्शन होईपर्यंत खाल्लं नाही आणि मग भाकरीवाल्या बाईशी भांडल्या. मला काही सुचत नाही. घरच्या तुम्ही. सांगायचं की संध्याकाळी, ते तुम्ही ठरवा.”

“मी बघते,” मी म्हणाले.

आता बघा गंमत. मला काही म्हणजे काहीच करायचं नव्हतं. खोटं बोलायचं नव्हतं, कुणाला ढकलायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि त्यात तर मी मुरलेली होते. संध्याकाळी भांडी विसळायला नसतील, पण एखादा नळ असेलच. तिथं तिच्याजवळ जाऊन, तिच्याकडं न बघता म्हणायचं, अक्का, रबकवीहून निरोप आलाय. तिनं विचारलं कधी, की सांगायचं, मगाशी.

तिसऱ्या लेण्याच्या पायऱ्या चढताना ते सगळं मी मनात दहादा घोळवून बघितलं. काय गोड लागत होतं!

ते लेणं सगळ्यांत मोठं. खांबच्या खांब, आणि खांबांवर, तुळयांवर जिथं बघावं तिथं नक्षी. सगळे पुढं विष्णूकडं गेले. अक्का एका खांबापाशी थांबली ती थांबलीच. बोटानं दगडावरची एक पट्टी चाचपत राहिली.

“कला, इकडं ये गं. हे बघ.”

“काय?”

“काठ आहे की हा! आमच्या इरकली लुगड्याचा काठ! ही वेल कशी वळलीय बघ, अशीच वळते. माझी आई काढायची. डोळे मिटून काढायची बाई ती.” तिनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. “कुणी कुणाचं बघून केलं असेल गं? ह्यांनी आमचं का आमच्यांनी ह्यांचं?”

“बघा निवांत,” मी म्हणाले. “घाई काय आहे?”

“तेच की. आज घाई नाही.” आणि खरंच, सकाळपासून ‘चला की, चला की’ करणारी ती बाई खांबाला टेकून खाली बसली. मांडी घातली. तिचा चेहरा मी इतका सैल झालेला कधी पाहिला नव्हता. “मंगलच्या पोराचा कॅमेरा आणून ह्याचा फोटो काढून घ्यायला पाहिजे होता. आईला दाखवला असता. बसूया का जरा? सर म्हणतात ते काही खोटं नाही. बसलं की दिसतं.”

बस, मी मनात म्हटलं. बस भवाने. बस चांगली दिवस मावळेपर्यंत.

मी तिच्या शेजारी बसले. खाली तलावात कुणी तरी धुणं आपटत होतं, त्याचा आवाज वर येत होता. अक्का आईबद्दल बोलत होती. आई मागावर बसली की हिला मांडीशी कशी घ्यायची, तुटलेला धागा जिभेवर ओला करून कसा जोडायची. मी ऐकत होते आणि आत हिशेब चालला होता. संध्याकाळी सांगितलं, की ही रडेल, ऊर बडवेल. तिथं दार वाजलं की कुणी तरी मान वळवेल. मग? मग ही आणि मी सारख्या. फिट्टंफाट. घरी परत गेल्यावर ही माझ्याकडं बघून म्हणेल, तूही तसलीच निघालीस. आणि तिचं खरं असेल!

नाही बाई. फिट्टंफाट मला नको होती. मला तिच्या वर राहायचं होतं. जन्मभर तिनं माझ्या तोंडाकडं बघावं आणि तिची मान खाली जावी, असं काही तरी मला पाहिजे होतं.

“अक्का,” मी म्हणाले, “उठा. रबकवीहून निरोप आलाय. तुमच्या आईचं जास्त आहे. जीप करून निघालं तर गाठ पडेल.”

ती मांडी मोडून माझ्याकडं वळली.

“आत्ताच आलाय फोन,” मी एकेक शब्द तोडून म्हणाले. “आणि मी आत्ताच सांगतेय. ऐकलंत? पाहुणे जेवून जायची वाट नाही बघितली मी. आत्ताच सांगतेय.”

तिनं खांबाचा आधार घेतला, उठली, परत बसली. मला वाटलं आता पाया पडते की काय. मी तयारच होते त्याला.

“मी पण आत्ताच सांगितलं होतं गं,” अक्का म्हणाली.

“कुणाला?”

“मुरलीला. फोन ठेवला आणि तशीच मागच्या अंगणात गेले. तो पान लावत बसला होता. म्हटलं, मुरली, हिच्या आईचं काही खरं नाही, हिला घेऊन निघ. तर म्हणाला, अक्का, घरात पाहुणे आहेत. आत्ता सांगितलंस तर ही चूल सोडून उठेल. म्हातारीचं दर महिन्याला जास्त होतं. संध्याकाळी मीच नेतो.”

“खोटं.”

“आईच्या जिवावर खोटं बोलू का आज?”

धुण्याचा आवाज तेवढा येत होता.

“मग सांगितलं का नाही कधी? इतकी वर्षं?”

“त्यानं पाय धरले माझे, विट्याहून आल्यावर. म्हणाला, तिला कळलं तर ती माझ्यापाशी राहायची नाही.” अक्कानं नाक पुसलं. “आणि मी काही साव नाही कला. मलाही त्या दिवशी तुझे हात पाहिजेच होते. मी कुठं म्हटलं, नाही, आत्ताच सांग? मला सोयीचं होतं, म्हणून मी गेले मुकाट. तू माझ्यावर डूख धरलास ते बघत होते मी. म्हटलं धरू दे, तिचा संसार तरी राहील. चल आता. मला उठव.”

मी तिला हात दिला. पायऱ्या उतरताना तिनं माझा दंड घट्ट धरला होता आणि मला तो सोडवून घ्यावासा वाटला नाही. डोक्यात एकच चाललं होतं. तो पाठीवरून फिरलेला हात. ‘अक्का अडाणी आहे.’ ‘घर मोडायला नको.’ भरलेले डोळे! गोगलगाय आणि पोटात पाय, दुसरं काय. मी वर्षानुवर्षं भलत्याच झाडाला कुऱ्हाड लावून बसले होते आणि खरं झाड मला सावली देत होतं.

खाली हे शेंगांची टरफलं चुरत बसले होते. “काय गं, इतक्यात झालं बघून?” म्हणाले आणि शेंगांचा पुडा माझ्यापुढं केला.

अक्का नळावर तोंड धुवायला गेली होती. मी म्हणाले, “अक्कांच्या आईचं जास्त आहे. निरोप आलाय.”

“अरेरे!” त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. “मग आता लगेच सांगू नको. आधी जेवू दे तिला. पोटभर जेवू दे, मग मी सांगतो बरोबर.”

इतक्या मायेनं म्हणाले! मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. अक्काचं खरं का खोटं, अशी जी काही शंका उरली होती ती तिथं संपली. तिथल्या तिथं, सगळ्या बसच्या देखत, त्यांचं उट्टं काढता आलं असतं. जिभेवर आलं होतं. पण सरांनी सकाळपासून बसवून बसवून मला काही तरी लावलं होतं खरं. मी तोंड मिटलं.

“त्यांना कळलंय,” मी म्हणाले. “जीप बघा. मी जाते बरोबर. तुम्ही सहल पूर्ण करा.”

रबकवीला पोचलो तेव्हा म्हातारी जागी होती. अक्कानं तिच्या कानाशी तोंड नेऊन काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण हातानं हवेत वेल काढून दाखवत होती एवढं दिसलं. म्हातारी दुसऱ्या दिवशी गेली. दारात माझ्या गळ्यात पडून अक्का रडली आणि मीही रडले, कुणासाठी ते आम्हा दोघींनाच ठाऊक.

घरी आल्यावर मी काही बोलले नाही. ह्यांना वेळेवर चहा, वेळेवर जेवण, गुडघ्यांना तेल. मी बदललेय असं हे कधी कधी म्हणायचे, आता पूर्वीसारखी चिडत नाहीस म्हणायचे. मी नुसती बसले होते. आधी मला वाटायचं, स्वतः होऊन सांगतील. आज नाही तर उद्या. एका शब्दानं म्हणाले असते ना, कला, चुकलं माझं, तर काय केलं असतं मी कुणास ठाऊक. नाहीच म्हणाले. पुढं काही वर्षांनी अक्का गेली. तिच्या तेराव्यालाही हे चारचौघांत म्हणाले, “स्वभावानं कडक होती, पण आमच्या हिनं सगळं पोटात घातलं हो.” तेव्हाही मी पुढ्यातल्या ताटावर लाडू वाढत राहिले.

आमची लेक रोहिणी, तिला लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. ह्यांनी नवस केले, उपास धरले. अखेर दिवस राहिले तेव्हा आनंदानं हे लहान पोरासारखे झाले. तिचे दिवस भरले, बाळंतपण सासरीच व्हायचं होतं, बार्शीला, आणि हे फोनच्या आसपास घुटमळायला लागले.

त्या दिवशी ह्यांचे यंत्रमाग संघाचे जुने सोबती जेवायला यायचे होते. सकाळी हे आंघोळीला गेले होते तेव्हा जावयांचा फोन आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी फोन ठेवला, पुरणाखालचा गॅस बारीक केला. पाहुणे आले, जेवले, पान खाऊन गप्पा मारून उन्हं उतरल्यावर गेले. हे मधूनमधून विचारत होते, “काही फोन?” मी म्हणत होते, “तुम्ही पाहुण्यांकडं बघा.”

सगळे गेल्यावर मी ह्यांचं पान मांडलं. पाहुण्यांना वाढायच्या नादात हे स्वतः जेवले नव्हते.

“मुलगी झाली रोहिणीला,” मी पोळीवर तूप घालत म्हणाले.

हे उठलेच पानावरून. “आत्ता? आत्ता आला फोन?”

“सकाळी.”

“सकाळी आला आणि मला आत्ता सांगतेस?” एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला. “अगं किती वाट बघतोय मी! दिवसभर तुला विचारतोय! डोकंबिकं फिरलंय का तुझं?”

“घरात पाहुणे होते,” मी म्हणाले.

त्यांचं तोंड उघडं राहिलं. मग हळूहळू मिटलं. भिंतीला हात लावत ते खाली बसले.

“कधी कळलं तुला?”

“बदामीला.”

“आणि तेव्हापासून तू…”

“जेवून घ्या,” मी म्हणाले. “उद्या सकाळच्या गाडीनं बार्शीला जायचंय. तुम्हाला तोंड तरी बघायला मिळणार आहे.”